पेपर फुटला... जेम्स बाँडचा!

समजा, उद्या गणिताचा पेपर आहे. तुम्ही प्रमेयं आणि सूत्रं यांच्याशी रात्री दहापर्यंत कुस्ती खेळताय. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा बंड्या धापा टाकत येतो आणि हळूच कानात सांगतो, "पेपर फुटलाय! माझ्याकडे आहे. पाहिजे?"

काय कराल? आईबाबा शेजारीच बसले असतील, तर तुमचं उत्तर आम्हाला आधीच ठाऊक आहे! पण अगदी खरं सांगा, एक क्षणभर तरी मन डळमळेल की नाही?

आता पेपर बदलू या. हा पेपर गणिताचा नाही, तुमच्या सगळ्यात आवडत्या सिनेमाच्या पुढच्या भागाचा आहे. दोन-तीन वर्षं तुम्ही त्याची वाट पाहताय. खलनायक कोण असेल, नायक कसा सुटेल, यावर मधल्या सुट्टीत तुमच्या पैजा लागल्यात. आणि एके दिवशी ज्या कागदांवर ती सगळी गोष्ट लिहिलेली आहे, ते कागदच कुणीतरी तुमच्यासमोर ठेवतं. वाचाल? की डोळे घट्ट मिटून घ्याल?

दोस्तांनो, ही कल्पना नाही. डिसेंबर २०१४ मध्ये जेम्स बाँडच्या जगभरच्या चाहत्यांवर नेमका हाच प्रसंग आला होता. त्याचीच ही हकिगत.

पक्ष्यांच्या पुस्तकातला हेर

जेम्स बाँड म्हणजे ब्रिटिश गुप्तहेर, क्रमांक ००७, हे तुम्हाला माहीत असेलच. त्याला जन्म दिला इयान फ्लेमिंग या इंग्रज लेखकाने. फ्लेमिंगचं जमैका बेटावर घर होतं. तिथे १९५२ साली त्याने पहिली बाँड-कादंबरी लिहिली. तिचं नाव 'कॅसिनो रोयाल'. ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली.

हेराचं नाव काय ठेवायचं? फ्लेमिंगला अगदी साधं, रुक्ष नाव हवं होतं. त्याच्या घरात वेस्ट इंडीजमधल्या पक्ष्यांवरचं एक पुस्तक होतं. त्या पुस्तकाच्या लेखकाचं, म्हणजे एका अमेरिकन पक्षीतज्ज्ञाचं नाव होतं जेम्स बाँड! फ्लेमिंगने ते सरळ उचललं. बिचारा पक्षीतज्ज्ञ दुर्बिणीतून पाखरं बघत राहिला आणि त्याचं नाव मात्र जगभर पिस्तूल घेऊन धावत सुटलं.

१९६२ मध्ये 'डॉक्टर नो' हा पहिला बाँडपट आला. २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत या मालिकेत पंचवीस चित्रपट झाले. आजोबांना विचारा, त्यांचा बाँड शॉन कॉनरी असेल. बाबांचा बहुधा रॉजर मूर किंवा पिअर्स ब्रॉस्नन. तुमच्या दादा-ताईचा डॅनियल क्रेग. एकाच घरात तीन बाँड! (हे सगळेच सिनेमे लहानांनी पाहण्यासारखे नाहीत बरं का. घरी विचारूनच पाहायचे.)

बाँड आपल्याकडेही येऊन गेला आहे. १९८३ च्या 'ऑक्टोपसी'चं बरंचसं चित्रीकरण राजस्थानात उदयपूरला झालं. पिचोला तळ्यातले महाल, डोंगरावरचा सज्जनगड आणि भर बाजारातून चक्क रिक्षाचा पाठलाग! आपला टेनिसपटू विजय अमृतराज त्यात बाँडचा साथीदार झाला होता आणि कबीर बेदी खलनायकाचा उजवा हात.

परत येणार! पण कोणत्या नावाने?

बाँडपटांची एक जुनी प्रथा आहे. सिनेमा संपतो, नावं सरकत जातात आणि शेवटी एक ओळ येते: जेम्स बाँड परत येणार आहे. झालं! तिथून वाट पाहणं सुरू. पूर्वी तर या ओळीत पुढच्या सिनेमाचं नावसुद्धा देत.

पण १९७७ मध्ये गंमत झाली. 'द स्पाय हू लव्ह्ड मी'च्या शेवटी जाहीर केलं, की पुढचा सिनेमा 'फॉर युअर आइज ओन्ली'. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स' आला आणि सगळं जग अंतराळाच्या मागे वेडं झालं. मग निर्माते कशाला मागे राहतात? त्यांनी ठरवलेली गोष्ट बाजूला ठेवली, 'मूनरेकर' हाती घेतला आणि १९७९ मध्ये बाँडला थेट अवकाशात पाठवून दिलं. 'फॉर युअर आइज ओन्ली' आला तो १९८१ साली.

म्हणजे बघा, निर्मात्यांनी स्वतः पडद्यावर छापून दिलेला शब्दसुद्धा शेवटचा नसतो. सिनेमा कागदावर असेपर्यंत त्यात काहीही बदलू शकतं. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

कागदावरचा सिनेमा

कागदावरचा सिनेमा म्हणजे पटकथा. ही कथा-कादंबरीसारखी नसते. 'त्याच्या मनात उदासी दाटून आली' असं पटकथेत लिहून भागत नाही, कारण कॅमेऱ्याला मन दिसत नाही! कॅमेऱ्याला जे दिसतं आणि माइकला जे ऐकू येतं, तेवढंच लिहायचं. प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर तीन गोष्टी असतात: दृश्य घरात आहे की बाहेर, जागा कोणती, दिवस आहे की रात्र. मग कोण काय करतं आणि काय बोलतं.

साधारण हिशेब असा, की पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. दोन तासांच्या सिनेमाला सव्वाशेच्या आसपास पानं. पण ती एका दमात लिहून होत नाहीत. लेखक लिहितो, दिग्दर्शक खोडतो, निर्माता म्हणतो खर्च परवडणार नाही, नट म्हणतो हे वाक्य माझ्या तोंडी बसत नाही. पुन्हा लिहा!

इंग्लंड-अमेरिकेतल्या स्टुडिओंमध्ये यासाठी एक छान पद्धत आहे. पटकथा मंजूर झाल्यावर एखादं पान बदललं, की नवं पान रंगीत कागदावर छापतात. पहिली प्रत पांढरी. पहिला बदल निळ्या कागदावर, पुढचा गुलाबी, मग पिवळा, मग हिरवा. म्हणून चित्रीकरण संपता संपता पटकथेची प्रत अगदी इंद्रधनुष्यासारखी दिसू लागते. ज्याच्या हातात नुसती पांढरी प्रत, त्याच्या हातात जुनी गोष्ट!

तुमच्या भाषेत सांगायचं तर पटकथेला एक रफ वही असते आणि एक फेअर वही असते. फरक इतकाच, की इथली फेअर वही सिनेमा पुरा होईपर्यंत फेअर होतच नाही.

एका नावासाठी पन्नास वर्षं

आता मूळ हकिगतीकडे येऊ. २०१२ मध्ये 'स्कायफॉल' आला आणि त्याने जगभरात १०० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. तोवर एकाही बाँडपटाला हे जमलं नव्हतं. साहजिकच पुढच्या भागाकडे सगळ्यांचे डोळे लागले. दिग्दर्शक तोच, सॅम मेंडिस. लेखकही बरेचसे तेच.

त्यातच नोव्हेंबर २०१३ मध्ये एक बातमी आली आणि चाहते खुर्चीवरून उठलेच. निर्मात्यांना 'स्पेक्टर' हे नाव वापरण्याचे हक्क परत मिळाले होते.

एका नावाचं एवढं काय? ऐका तर. 'स्पेक्टर' म्हणजे बाँडच्या जगातली सगळ्यात भयंकर गुन्हेगारी टोळी. शब्दाचा एक अर्थ भूत, आणि हेरगिरी, दहशत, सूड व खंडणी या धंद्यांच्या आद्याक्षरांतूनही तो जुळवलेला. टोळीचा म्होरक्या ब्लोफेल्ड. मांडीवरच्या पांढऱ्या मांजरीला कुरवाळत, थंडपणे कुणालाही संपवण्याचा हुकूम देणारा!

१९५९ च्या सुमाराला फ्लेमिंग, केव्हिन मॅक्लोरी आणि जॅक व्हिटिंगहॅम हे तिघे मिळून बाँडची एक पटकथा तयार करत होते. सिनेमा काही जमेना. तेव्हा फ्लेमिंगने त्याच कथेची कादंबरी करून टाकली, 'थंडरबॉल'. ती १९६१ मध्ये आली, पण मुखपृष्ठावर नाव एकट्या फ्लेमिंगचं! मॅक्लोरी कोर्टात गेला. १९६३ च्या शेवटी तडजोड झाली आणि 'थंडरबॉल'चे चित्रपटाचे हक्क मॅक्लोरीला मिळाले. कादंबरीच्या पुढच्या आवृत्त्यांत तिघांचाही उल्लेख करावा लागला.

पण भांडण काही मिटलं नाही. 'द स्पाय हू लव्ह्ड मी'च्या पटकथेत आधी 'स्पेक्टर' होती. मॅक्लोरीने हरकत घेतली आणि ती काढून टाकावी लागली. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर'नंतर या मालिकेत ब्लोफेल्डचं नावच कुणी घेतलं नाही. आणि १९८३ मध्ये मॅक्लोरीच्या हक्कांवर शॉन कॉनरीला घेऊन वेगळाच बाँडपट निघाला. एकाच वर्षी दोन बाँड एकमेकांसमोर!

मॅक्लोरी २००६ मध्ये वारला. २०१३ मध्ये त्याच्या वारसांशी समझोता झाला. तिघांच्या पटकथेवर नावं कुणाची, या एका प्रश्नाने पन्नास वर्षं खाल्ली! शाळेतल्या हस्तलिखितात मित्राची कविता आपल्या नावावर खपवणाऱ्यांनी यातून काय तो धडा घ्यावा.

संगणकावर सापळा

४ डिसेंबर २०१४. लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत पुढच्या बाँडपटाचं नाव जाहीर झालं: 'स्पेक्टर'! सोबत पहिलं चित्र. काचेवर गोळी लागलेली आणि तडे असे गेलेले, की आठ पायांचा ऑक्टोपस दिसावा. 'स्पेक्टर'चं जुनं बोधचिन्हच ते!

क्रिस्तोफ वॉल्ट्झ हा नट ओबरहाउझर नावाचं पात्र करणार, असंही जाहीर झालं. बस्स. यापलीकडे गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण मूठ झाकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, की ती आधीच उघडलेली आहे.

हा सिनेमा जगभर पोचवणार होती सोनी कंपनी. दहा दिवसांपूर्वी, २४ नोव्हेंबरला, सोनीच्या अमेरिकेतल्या चित्रपट विभागात लोक सकाळी कामावर आले. संगणक सुरू केले, तर पडद्यावर लालभडक हाडांचा सापळा आणि खाली धमकी! स्वतःला 'शांतीचे रक्षक' म्हणवणाऱ्या टोळीने कंपनीच्या संगणकांत शिरून ढीगभर माहिती पळवली होती. प्रदर्शित न झालेले सिनेमे होते, साहेब लोकांनी एकमेकांना लिहिलेले ई-मेल होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हजारो साध्या कर्मचाऱ्यांची खाजगी माहितीही होती. पगार, ओळख क्रमांक, सगळं.

उत्तर कोरियाच्या सर्वोच्च नेत्याची टिंगल करणारा सोनीचा एक विनोदी सिनेमा तेव्हा येऊ घातला होता. त्याच रागातून उत्तर कोरियाने हे करवलं, असं अमेरिकेच्या तपास यंत्रणेने जाहीर केलं. उत्तर कोरियाने इन्कार केला.

त्या चोरीच्या ढिगातच 'स्पेक्टर'ची पटकथा सापडली! नाव जाहीर होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. निर्मात्यांनी कबूल केलं, की पटकथेचा एक सुरुवातीचा खर्डा चोरीला गेला आहे. कुणी तो छापला तर कायद्याने कारवाई करू, असा इशाराही दिला. जन्मभर इतरांची गुपितं चोरणाऱ्या हेराच्याच घरात चोरी. आहे की नाही नशिबाची थट्टा?

वाचू की नको?

आता चाहत्यांची पंचाईत झाली. काहींना धीर धरवेना. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! त्यांनी मिळेल ते वाचलं आणि वर इतरांना सांगत सुटले. काहींनी मात्र कानांवर हात ठेवले. 'सिनेमा येईपर्यंत माझ्यासमोर एक शब्द काढायचा नाही,' असं मित्रांना बजावलं.

'वाचलं तर काय बिघडलं? पैसे तर कुणाचे चोरले नाहीत,' असं तुम्हाला वाटेल. पण थोडा विचार करा.

एक म्हणजे, ते कागद एकटे आले नव्हते. ज्या भोकातून बाँडची पटकथा बाहेर आली, त्याच भोकातून हजारो कर्मचाऱ्यांची खाजगी माहितीही बाहेर आली. त्यांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? घर फोडून आणलेल्या सामानातलं 'फक्त गोष्टीचं पुस्तक मी घेतो' म्हणण्यासारखंच ते झालं.

दुसरं असं, की ती होती रफ वही! आपली रफ वही वर्गात कुणी मोठ्याने वाचून दाखवली तर कसं वाटेल? खाडाखोड, चुकलेली उदाहरणं, कोपऱ्यात काढलेलं बाईंचं चित्र! पळवलेल्या ई-मेलमध्येच दिसत होतं, की कंपनीचे अधिकारी गोष्टीच्या शेवटच्या भागावर नाखूश आहेत, खर्चही हाताबाहेर चालला आहे आणि बदल करा म्हणून मागे लागले आहेत. म्हणजे ज्यांनी खर्डा वाचला त्यांना वाटलं, आपल्याला सिनेमा कळला. कळला होता तो फक्त एक टप्पा. लेखकांचे हात पुढेही फिरत राहिले. पडद्यावर अखेर चौघा पटकथाकारांची नावं आली: जॉन लोगन, नील पर्व्हिस, रॉबर्ट वेड आणि जेझ बटरवर्थ.

आणि तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. एखादी गोष्ट पहिल्यांदा कळण्याची मजा एकदाच मिळते. दुसऱ्यांदा पाहताना आपण म्हणतो, 'आता बघ हं, आता तो मागून येणार!' तीही मजाच. पण पहिल्यांदा जो ठोका चुकतो, तो पुन्हा चुकत नाही.

चोरी न करता ओळखणारे

(ज्यांनी 'स्पेक्टर' पाहिला नाही आणि पाहायचा आहे, त्यांनी हा भाग गाळून पुढच्या मथळ्यावर उडी मारावी. आम्ही रागावणार नाही!)

या सगळ्या गडबडीत काही चाहत्यांनी तिसराच रस्ता धरला. पटकथेला हात न लावता त्यांनी डोकं चालवलं. ज्या नावासाठी पन्नास वर्षं झगडा झाला, तेच सिनेमाचं नाव आहे. मग टोळी आली आणि म्होरक्या नाही, असं कसं होईल? वॉल्ट्झ मुलाखतींत ठासून सांगत होता, की मी ब्लोफेल्ड नाही. पण मग हा ओबरहाउझर कोण? पुस्तकं चाळणाऱ्यांना आठवलं, की फ्लेमिंगच्या 'ऑक्टोपसी' या कथेत ओबरहाउझर नावाचा माणूस आहे. त्याने लहान बाँडला बर्फावरून घसरायला, म्हणजे स्कीइंग करायला शिकवलेलं असतं. म्हणजे जुनं नातं, जुनं वैर!

सिनेमा आला आणि त्यांचा तर्क खरा ठरला. ओबरहाउझर हाच ब्लोफेल्ड!

बघा, पेपर फुटलेला वाचून पैकीच्या पैकी मिळवणारा आणि अभ्यासावरून 'हा प्रश्न येणारच' असं ओळखणारा, दोघांनाही उत्तर आधी कळलं. पण टाळी कुणाला द्याल? गुप्तहेराचे खरे शागीर्द दुसरेच!

तर मग बाँड बुडाला का?

छे! २६ ऑक्टोबर २०१५ ला 'स्पेक्टर' लंडनमध्ये झळकला, २० नोव्हेंबरला भारतात आला. जगभरातली कमाई ८८ कोटी डॉलरच्या घरात गेली. सिनेमा कुणाला आवडला, कुणाला लांबलेला वाटला. पण 'गोष्ट आधीच कळली' म्हणून थिएटरं काही ओस पडली नाहीत. कागदावर 'स्फोट होतो' हे दोन शब्द असतात. पडद्यावर तो प्रत्यक्ष होतो, तेव्हा खुर्ची हादरते!

पटकथाच नसेल तर?

पटकथेची एवढी वाट कशाला पाहायची, नट आहेत, गाड्या आहेत, करा सुरू, असं कुणाला वाटत असेल तर त्याने २००८ चा 'क्वांटम ऑफ सोलेस' आठवावा.

२००६ चा 'कॅसिनो रोयाल' गाजला होता. हा त्याचा थेट पुढचा भाग, आधीचा जिथे संपतो त्यानंतर थोड्याच वेळाने सुरू होणारा. उत्सुकता तर विचारू नका. पण ५ नोव्हेंबर २००७ ला अमेरिकेतले पटकथाकार संपावर गेले. आपल्या लिखाणातून डीव्हीडी आणि इंटरनेटवर जी कमाई होते, तिचा योग्य वाटा द्या, अशी त्यांची मागणी. पटकथाकार पॉल हॅगिसने संप सुरू होण्याच्या जेमतेम काही तास आधी आपली प्रत दिली. त्यानंतर शंभर दिवस लेखणी बंद!

इकडे सिनेमाची तारीख ठरलेली. जानेवारी २००८ मध्ये चित्रीकरण सुरू झालं, तेव्हा पटकथा म्हणजे नुसता सांगाडा होता. मग दृश्यं कोण नीट करणार? डॅनियल क्रेगने पुढे एका मुलाखतीत सांगून टाकलं, की तो आणि दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर दोघेच बसून दृश्यं जुळवत होते आणि लेखन हे काही आपलं काम नव्हे. नायकच रात्री गृहपाठ करतोय आणि सकाळी छतावरून उड्या मारतोय!

सिनेमा पुरा झाला, चाललाही. पण १०६ मिनिटांचा हा बाँडपट मालिकेतला सगळ्यात छोटा, आणि पळापळ भरपूर असली तरी गोष्ट कच्ची राहिली, असं पुष्कळांचं मत पडलं. पिस्तूल, गाडी, हेलिकॉप्टर सगळं भाड्याने मिळतं, गोष्ट मात्र बसून लिहावीच लागते.

पुन्हा कोरा कागद

'नो टाइम टू डाय'ने तर वाट पाहण्याची कमालच केली. एप्रिल २०२० मध्ये येणारा सिनेमा करोनामुळे पुढे ढकलत ढकलत सप्टेंबर २०२१ च्या अखेरीला आला. तयार सिनेमा दीड वर्ष डब्यात! त्याचा शेवट काय, ते आम्ही सांगणार नाही. आता एवढं सगळं लिहून आम्हीच पेपर फोडायचा म्हणजे!

मग आलं २०२५. फेब्रुवारीत बातमी आली, की बाँडच्या चित्रपटांची सूत्रं ॲमेझॉनच्या हाती जाणार. जूनमध्ये दिग्दर्शकाचं नाव जाहीर झालं: 'ड्यून'वाले डेनी व्हिलनव्ह. लहानपणी वडिलांसोबत बाँडपट पाहत वाढलो, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे तेही आपल्यासारखेच ताटकळणारे चाहते! आणि जुलैच्या अखेरीस ज्याची सगळे वाट पाहत होते ते नाव आलं. पटकथा लिहिणार स्टीव्हन नाइट.

हे नाव ऐकलंय? नसेल. पण त्यांचं काम तुमच्या आजीनेही पाहिलंय! १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये 'हू वॉन्ट्स टू बी अ मिल्यनेअर?' हा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम सुरू झाला. तो ज्यांनी मिळून रचला, त्या तिघांपैकी एक हे स्टीव्हन नाइट. त्याच कार्यक्रमावरून २००० मध्ये आपल्याकडे अमिताभ बच्चन यांचा 'कौन बनेगा करोडपती' आला आणि पुढे सचिन खेडेकरांचा मराठी करोडपतीही! प्रश्न विचारायचा, दिवे मंद करायचे, ठोके वाढवणारं संगीत लावायचं आणि उत्तर सांगण्याआधी थांबायचं... लोकांना ताटकळत ठेवणं म्हणजे काय, हे या माणसाला कुणी शिकवायला नको!

आता तुमची पाळी

बाँड असो की दुसरा कुठला हेर, पुढच्या भागाची वाट पाहण्याचा एक झकास खेळ सांगतो. सगळ्या घराने मिळून खेळा.

एक कागद घ्या. त्यावर पुढच्या भागाचे तुमचे पाच अंदाज लिहा. खलनायक कोण? पाठलाग कुठे? कोण फितूर निघणार? कोण शेवटी वाचवणार? आणि शेवटचं दृश्य कोणतं? नुसतं 'असं होईल' लिहायचं नाही. का होईल, तेही लिहायचं. आईनेही लिहायचं, बाबांनीही, आजोबांनी तर लिहायचंच. कारण आधीचे सगळे भाग त्यांनी पाहिलेत! एकमेकांचे कागद बघायचे नाहीत. लिफाफ्यात घालून डिंकाने चिकटवा, वर तारीख टाका आणि लिफाफे देव्हाऱ्यामागे किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून द्या.

सिनेमा येईल, तुम्ही पाहाल, घरी याल. मग जेवणं झाल्यावर लिफाफे फोडा. ज्याचे अंदाज सगळ्यात जास्त जुळले त्याला आइस्क्रीम, खर्च हरणाऱ्यांचा!

मात्र एक अट. मध्येच कुणी बंड्या धापा टाकत आला आणि म्हणाला, "पटकथा फुटलीय, पाहिजे?" तर त्याला बसायला सांगा, पाणी द्या, आणि एक कोरा कागद त्याच्याही हातात ठेवा.